तक्त्यावरची शेवटची ओळ

आमच्या घराण्यात कुणालाही चष्मा नाही, हे बाबा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. चष्म्याच्या दुकानदारानं हे छाती फुगवून सांगणं म्हणजे जोडे विकणाऱ्यानं ‘आम्ही सगळे अनवाणीच चालतो’ म्हणण्यासारखं आहे, पण ते त्यांना कधी पटलं नाही. त्यांच्या स्वतःच्या गळ्यात दोरीला बांधलेला वाचायचा चष्मा लटकत असे. तो चष्मा नव्हे, ते हत्यार, असं त्यांचं म्हणणं. लांबचं दिसणं तेवढं खरं दिसणं, आणि लांबचं आम्हा सगळ्यांना लख्ख दिसतं.

या अभिमानाचं टोक म्हणजे माझी भाची. वय वर्षं सहा, पुढचे दोन दात गायब, गुडघ्यांना कायम खरचटलेलं. बाबांनी तिचं नाव ‘घार’ ठेवलं होतं. शाळेत तिला दुसरं नाव आहे, पण ते हजेरीपुरतं. आम्ही सगळे तिला घारच म्हणतो आणि तीही कुणी विचारलं की आधी तेच सांगते.

भाऊ आणि वहिनी दोघंही कामाला जातात, त्यामुळे शाळा सुटली की घार थेट दुकानात. दुकान म्हणजे पुढे काउंटर, दोन बाजूंना फ्रेमांची काचेची कपाटं आणि मागे एक लांबोडकी खोली. त्या खोलीत बाबा नंबर काढतात. एका टोकाला पाय ठेवायला लोखंडी पट्टी असलेली खुर्ची, दुसऱ्या टोकाला भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि तक्त्यावर दिवा. खुर्चीशेजारी लाकडी पेटीत गोल काचा ओळीनं उभ्या. बाबा त्या काचा एकामागून एक माणसाच्या डोळ्यापुढे धरतात आणि विचारतात, ही बरी की ती बरी. इतकी वर्षं तेच एक वाक्य बोलत आलेत, पण आवाज अजून असा असतो की जणू तुमच्या उत्तराची ते सकाळपासून वाट बघत होते.

बाकीची कामं माझी. काचा घासणं, बसवणं, फ्रेमा विकणं. विकताना मी सगळ्यांना एकच सांगते, की ही तुम्हाला अगदी खुलून दिसते. बाबा कधी आवाज चढवत नाहीत. माझा राग मात्र नाकावर असतो. दुकान चालायला दोन्ही लागतं, असं मी मानते. अलीकडे बारीक स्क्रू बसवायचं काम बाबांनी घारीकडे दिलं होतं. तिची बोटं बारीक आहेत, असं कारण सांगायचे. तीही जीभ बाहेर काढून, फ्रेम नाकाशी धरून ते करायची आणि झालं की माझ्याकडे अशी बघायची की मालकीण तीच आणि मी पगारी नोकर.

बाकी मुलं चित्रांच्या पुस्तकावरून अक्षरं शिकतात. घार आमच्या तक्त्यावरून शिकली. बाबा तिला मांडीवर घेऊन वरून खाली वाचून दाखवत. सगळ्यात खालची ओळ, जी भल्याभल्यांना वाचता येत नाही, ती तर तिचं गाणंच झाली होती. ‘ग प ट, न र व, ग प ट, न र व’ करत ती दुकानभर उड्या मारायची. गिऱ्हाईक आलं की बाबा तिला म्हणायचे, दाखव गं यांना. ती लांबून ती ओळ म्हणायची. गिऱ्हाईक थक्क. बाबा खूश. आम्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

पहिली शंका आली ती वहिनीला. घार पेल्यात पाणी ओतते ते पेल्याच्या बाहेर. चेंडू टाकला की हात भलतीकडेच जातो. चित्र काढताना मान एका बाजूला कलते. वहिनी शिवणकामाच्या कारखान्यात आहे, दिवसभर टाके बघते, तिच्या नजरेतून असं काही सुटत नाही. रोज संध्याकाळी ती फरशी पुसायची आणि घारीला धांदरट म्हणायची. एक दिवस पुसता पुसता तिचा हात थांबला. दुसऱ्या दिवशी तिनं बाबांना फोन करून सांगितलं, की एकदा हिचे डोळे नीट बघा.

बाबा हसले. घारीचे डोळे तपासायचे म्हणजे काय, असं त्यांनी तीनतीनदा मला ऐकवलं. पण सुनेनं सांगितलेलं काम टाळायची त्यांची प्राज्ञा नाही. दुपारी घार शाळेतून आल्यावर त्यांनी तिला खुर्चीत बसवलं. तिचे पाय लोखंडी पट्टीपर्यंत पोचत नव्हते, म्हणून खाली रिकामा खोका ठेवला.

आता इथे माझी एक गोष्ट सांगायला हवी. जुना तक्ता पिवळा पडला होता, एक कोपरा ओल येऊन फुगला होता. काचांचा माल देणाऱ्या माणसानं नवा तक्ता दिला होता, तो मी त्याच दिवशी सकाळी टांगला. बाबा तेव्हा आले नव्हते. नंतर मी कामाला लागले आणि सांगायचं राहून गेलं. सकाळपासून नंबर काढायला कुणी आलं नव्हतं. म्हणजे त्या नव्या तक्त्यापुढे बसणारी पहिली घारच.

मी एक तयार चष्मा घेऊन मागच्या खोलीच्या दाराशी आले, तेव्हा बाबा तिच्याशेजारी वाकून उभे होते. ते म्हणाले, आधी उजवा डोळा झाक. तिनं भिंतीकडे न बघताच तळहात दाबून बसवला. घारीला वरच्या ओळी कशाला विचारायच्या, एकदम शेवटची म्हण, ते म्हणाले.

“ग, प, ट, न, र, व,” घारीनं सांगितलं.

बाबांनी शाबासकी दिली. मी तक्त्याकडे बघितलं. शेवटच्या ओळीत ग नव्हता. प नव्हता. जे होतं ते सगळं वेगळं होतं.

मग बाबा म्हणाले, आता डावा झाक. तिनं हात बदलला आणि उजव्या डोळ्यानं समोर बघितलं. तिचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. मला तिचा चेहरा बाजूनं दिसत होता. आपण आत्ता काय म्हणालो आणि भिंतीवर काय आहे, हे त्या पोरीला एकाच क्षणी कळलं होतं.

“आजोबा, मला शू लागली,” ती म्हणाली आणि खुर्चीतून घसरून माझ्या कोपराखालून पळाली.

बाबा हसत होते. वहिनीला फोन करून सांग, पोरगी फुल पास आहे, असं ते मला म्हणाले. आधी पोरीकडून खरं काढायचं, मग बाबांना सांगायचं, असा मी बेत केला.

घार मागच्या मोरीत नळ सोडून उभी होती. हात धूत नव्हती, नुसती पाण्याकडे बघत होती. मी नळ बंद केला आणि जमेल तितक्या गोड आवाजात म्हणाले, खरं काय ते सांग, मी रागावणार नाही. तिनं माझ्या कपाळाकडे बघितलं. माझ्या कपाळावर राग आधी चढतो, तोंडात नंतर येतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तू रागावलीयेस, असं तिनं मला सांगितलं. नाही रागावले, असं मी ओरडले. त्यानंतर बोलण्यासारखं फारसं उरलं नाही. ती खाली मान घालून एवढंच म्हणाली, की तू तक्ता बदललास म्हणून माझं चुकलं, जुना परत लाव.

मला राग आला होता हे खरं, पण त्याच्याखाली भीती होती. पोरीला डाव्या डोळ्यानं दिसत नाही आणि ती ते लपवते आहे. लबाडी म्हणावी तर या लबाडीत तिचा फायदा काय, तेच मला कळेना.

काउंटरपाशी जाऊन मी बाबांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते आणि हातातल्या फडक्याची घडी घालत होते. मग ते मागच्या खोलीत गेले. तक्त्यापर्यंत चालत गेले, अगदी नाक टेकेल इतके जवळ, आणि त्यावरून बोट फिरवलं.

“बदललास होय,” ते म्हणाले.

सकाळीच बदलला, तुम्हाला दिसला नाही का, असं मी विचारलं. माझं लक्ष तिच्याकडे होतं, असं त्यांनी सांगितलं. मला ते पटलं. नातीच्या तोंडाकडे बघणाऱ्याला भिंत कशी दिसणार.

मग ते खुर्चीत बसले आणि मला समजावून सांगू लागले, जणू मी या धंद्यात नवी आहे. एका डोळ्याला स्पष्ट दिसत नसलं की मेंदू त्या डोळ्याला काम देणं बंद करतो. डोळा आळशी होतो. लहान वयात कळलं तर चांगला डोळा पट्टीनं झाकायचा आणि आळशी डोळ्याला कामाला लावायचं, तो परत येतो. वय निघून गेलं की मग कुठलीही काच लावा, कुठलाही डॉक्टर बघा, फार काही हाती लागत नाही. घार सहा वर्षांची आहे, अजून वेळ आहे, पण वाया घालवण्याइतका नाही.

मी म्हणाले, मग वाट कसली बघता, आत्ता दोन शब्द सुनावते आणि उद्या डॉक्टरांकडे नेते. बाबांनी मान हलवली. डॉक्टरांच्या यंत्राला थोडं कळेल, बाकीचं तिनंच सांगायचं असतं. बाहेर बाकावर बसल्या बसल्या ती तिथलाही तक्ता पाठ करेल. आणि पट्टीचं काय? पट्टी महिनोन्‌महिने लावायची असते. रोज तिच्यामागे डोळ्यात तेल घालून कोण बसणार? कुणी बघत नसताना ती उचलायची नाही, हे ज्याचं त्यालाच पाळावं लागतं. पोर घाबरून खरं बोलली तर भीती गेल्यावर पुन्हा खोटं बोलेल, असं ते म्हणाले. मला तेव्हा ते फार सोज्वळ वाटलं. पण माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता, मोरीतला प्रयोग ताजा होता.

संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी बाबांनी खणातून कंगव्याचं कार्ड काढलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हे कार्ड असतं. त्यावर काळ्या रंगात तीन दातांचा कंगवा काढलेला. कार्ड हातात फिरवायचं आणि विचारायचं, दात कुणीकडे, वर, खाली, उजवीकडे की डावीकडे. यात पाठ करण्यासारखं काही नसतं. लहान मुलांना खरं तर हेच दाखवायचं असतं, पण आमची घार पडली विद्वान, तिला कंगवा कोण दाखवणार.

घार दुपारपासून कपाटाखाली बसून चष्म्यांच्या जुन्या काड्यांची रांग लावत होती. चोराच्या मनात चांदणं, तसं तिचं चाललं होतं. कुणी हाक मारली की दचकायची. बाबा तिला म्हणाले, आज तू माझा नंबर काढ. ती आधी माझ्याकडे बघून अंदाज घेऊ लागली, मग उठली. हा मान तिला कधी मिळाला नव्हता.

बाबा खुर्चीत बसले, पाय पट्टीवर ठेवले, एक डोळा हातानं झाकला. घार भिंतीशी जाऊन उभी राहिली आणि कार्ड छातीशी धरून अगदी बाबांच्या आवाजात विचारलं, दात कुणीकडे. बाबांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, दिसत नाही. ती एक पाऊल पुढे आली. दिसत नाही, बाबा म्हणाले. आणखी एक पाऊल. बाबांनी मान पुढे काढली, डोळा बारीक केला आणि पुन्हा तेच सांगितलं. घारीनं माझ्याकडे बघितलं. मी दाराशी उभी राहून गालातल्या गालात हसत होते. बाबांनी नाटक उत्तम वठवलं होतं.

घारीला ते सहन झालं नाही. ती पुढे वाकून हळूच म्हणाली, “आजोबा, वर म्हणा.”

“मला दिसलं नाही, मग वर कसं म्हणू?”

“मी सांगतेय ना. म्हणजे तुम्ही पास.”

“बरं, मी पास झालो. मग आत्या मला कुठली काच देईल?”

घारीनं विचार केला. धंदा तिला माहीत होता. “साधी,” ती म्हणाली.

“आणि ती साधी काच लावून मी रस्ता ओलांडायला गेलो तर?”

घारीनं कार्ड खाली केलं. बाबांनी डोळ्यावरचा हात काढला.

“हे बघ बाळा, मला कुणाच्या डोळ्याच्या आत शिरता येत नाही,” ते म्हणाले. “माणूस काय सांगतो त्यावरच मी काच देतो. दिसत नाही असं कुणी म्हणालं ना, की मला बरं वाटतं. तिथून माझं काम सुरू होतं. दिसतं म्हणालं की माझं काम संपलं.”

घार कार्ड फिरवत राहिली. कंगव्याचे दात वर गेले, खाली आले, बाजूला गेले. मी काहीतरी बोलणार होते, पण बाबांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला. मी तोंड मिटलं. मला ते किती जड गेलं ते माझं मला माहीत.

“मला पण,” घार म्हणाली. “या डोळ्यानं तक्ता नुसता पांढरा दिसतो.”

कधीपासून, बाबांनी विचारलं. आधीपासून, ती म्हणाली. तिच्या हिशेबात आधी म्हणजे काल असेल किंवा जन्मापासून. बाबांनी तिला जवळ घेतलं नाही, अरे बापरे म्हणाले नाहीत, की शाबासकी दिली नाही. खुर्चीतून उठून तिला बसवलं, खोका पायाखाली सरकवला, उजवा डोळा झाकायला सांगितला आणि कार्ड माझ्या हातात दिलं. मी भिंतीपासून एकेक पाऊल पुढे येत गेले. दर पावलाला ती म्हणायची, दिसत नाही, आणि बाबा म्हणायचे, बरं. शेवटी मी खोलीच्या अर्ध्याहून पुढे आले तेव्हा ती म्हणाली, खाली. दात खालीच होते. ही पोर रोज आमच्या मध्ये असायची आणि आमच्यातल्या कुणालाही पत्ता नव्हता.

“म्हणजे पाणी सांडतं ते यामुळे?” तिनं बाबांना विचारलं. “मी धांदरट नाहीये?”

“नाहीस.”

हे ऐकून ती जराशी हसली. मग हसू गेलं. “पण मग मी घार पण नाही.”

आता मला कळलं, लबाडीत तिचा फायदा काय होता ते. एका नावासाठी तिनं दुसरं नाव सोसलं होतं. रोज धांदरट म्हणवून घ्यायची तयारी होती, पण आजोबांची घार राहायचं होतं. माझे डोळे भरून आले. दुपारी मी हिला मोरीत गाठून दरडावलं होतं, याची मला लाज वाटली.

बाबा खोक्याशेजारी खाली बसले. गुडघे वाजले. ते म्हणाले, “नाव ठेवलं तेव्हा तू चार दिवसांची होतीस. तेव्हा तुला तक्ता वाचता येत होता का? डोळे वटारून माझ्याकडे बघत होतीस, अजिबात पापणी न हलवता. म्हणून घार. ते नाव डोळ्याचा नंबर बघून ठेवलेलं नाही.”

घारीनं खात्री करून घ्यायला डोळे वटारले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्यानं राहवेना, ती त्यांच्या गळ्यातच पडली. वाचायचा चष्मा मध्ये अडकला, त्याची काडी वाकली आणि कुणालाही त्याचं काही वाटलं नाही.

शटर ओढायच्या आधी मी बाबांना म्हणाले, की नाटक मात्र झकास केलंत, मलाही क्षणभर खरंच वाटलं. घार पायरीवर बसून बुटांचे बंद बांधत होती. बाबा कुलूप हातात घेऊन उभे होते. त्यांनी कुलपाची चावी भोकाच्या बाजूला टेकवली, मग बोटानं भोक चाचपलं.

“नाटक कसलं,” ते म्हणाले.

मला पुढे सांगायची गरज पडली नाही. बारीक स्क्रू पोरीच्या हातात का गेले, ते कळलं. नवा तक्ता का दिसला नाही, तेही. इतकी वर्षं तोच तक्ता, त्यामुळे गिऱ्हाईक वाचत असताना बाबांना भिंतीकडे बघायची गरजच नव्हती, नुसतं ऐकून चूक कळायची. त्या दुपारी खोलीत एक जण पाठ म्हणत होती आणि दुसरा पाठ तपासत होता, दिसत दोघांनाही नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा आमच्याच दुकानात होता.

माझा भडका उडाला. किती दिवस झाले, मोतीबिंदू आहे हे तुम्हाला कळत नाही का, रस्ता ओलांडताना काही झालं असतं म्हणजे, असं सगळं एका दमात बोलले. बाबा म्हणाले, चष्मेवाल्यालाच दिसत नाही म्हटल्यावर दुकानाची पायरी कोण चढेल. हे ते इतक्या हळू म्हणाले, की माझा आवाज मला एकदम मोठा ऐकू आला.

“आत्या, तू म्हणालीस, खरं सांगितलं तर रागावणार नाही,” पायरीवरून घार म्हणाली.

मी म्हणाले, ते तुला म्हणाले होते.

“मग आजोबांना पण,” ती म्हणाली. आणि बाबांकडे वळून, “तुम्हीच म्हणालात ना, दिसत नाही म्हटलं की बरं वाटतं. मग आता तुमचं काम सुरू होईल.”

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. बाबाही बसले. तिघं जण बंद होऊ घातलेल्या दुकानाच्या दारात बसलो होतो आणि जाणारे-येणारे बघत होते. त्या दिवशी मी बाबांवर पुन्हा आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशीचं मात्र वचन दिलं नाही, कारण आता जे पाळता येईल तेवढंच बोलायचं ठरवलं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना एकाच सकाळी तपासलं. घारीला चष्मा लागला, आमच्या घराण्यातला पहिला, आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी. पुढच्या आठवड्यात बाबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. ती दोघं दवाखान्यातल्या बाकावर शेजारी शेजारी बसत, दोघांचा एकेक डोळा झाकलेला, आणि एकमेकांना धरून दारापर्यंत चालत. नर्स माझ्याशी बोलताना त्यांना ‘तुमची जोडी’ म्हणायची. वहिनीनं घारीला धांदरट म्हणणं सोडलं आणि एकदा तिच्यासमोरच म्हणाली, की माझं चुकलं. घारीनं ते मोठ्या मनानं ऐकून घेतलं.

खरं बोलण्याची मात्र तिला चटकच लागली. पट्टी थोडी वर करून बघितलं की संध्याकाळी स्वतः येऊन सांगायची, आज मी थोडंसं बघितलं. माझं कपाळ चढायला लागायचं. मी कपाटातल्या फ्रेमा पुसायला घ्यायची आणि पाठमोरीच म्हणायची, बरं, उद्या नको. दुकानात एका भारदस्त गिऱ्हाइकाला मी एक जाड काळी फ्रेम अगदी खुलून दिसते म्हणाले, तर ही स्टुलावरून म्हणाली, यात काका रागावल्यासारखे दिसतात. काकांनी आरशात बघितलं, हसले, आणि दुसरी घेतली. आता फ्रेम विकताना मीही जरा जपूनच खुलवते.

बाबांच्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, तुझे केस बरेच पांढरे झालेत की गं. हे न दिसलेलंच बरं होतं, असं मी त्यांना सांगितलं.

त्यानंतर महिन्याभरानं त्यांनी घारीला पुन्हा खुर्चीत बसवलं. पाय अजूनही पोचत नव्हते. चांगल्या डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यावर चष्म्याची काच. नवा तक्ता एव्हाना जुना झाला होता. ती त्याच्यासमोर रोज खेळायची आणि तोही तिचं गाणं झाला होता, तो आख्खा तिला पाठ आहे हे मला माहीत होतं, बाबांनाही माहीत होतं. कंगव्याचं कार्ड खणात होतं. मी ते काढायला वाकले, तर बाबांनी खुणेनं नको म्हटलं.

त्यांनी पहिली ओळ विचारली. तिनं वाचली. दुसरी विचारली. तिनं मान पुढे काढून, एकेक अक्षर थांबत वाचली. मग त्यांनी तिसरी विचारली. घार बराच वेळ बघत राहिली. तिचे ओठ हलले आणि मिटले. मी खणाची मूठ धरून उभी होते आणि ती मूठ माझ्या हातात रुतत होती.

“पाठ आहे,” ती म्हणाली. “पण दिसत नाही.”

बाबांनी विचारलं, “चष्मा लागला तेव्हा कुठली दिसत नव्हती?”

“दुसरी.”

बाबांनी गळ्यातला चष्मा काढून बाजूला ठेवला आणि हात डोळ्याकडे नेला. ऑपरेशनच्या डोळ्याला बोट लावायचं नाही, अशी डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद होती, आणि ती घारीच्या समोरच दिलेली होती.

“आजोबा, डोळा चोळताय तुम्ही,” ती म्हणाली.

“चोळत नाहीये.”

“मग काय करताय? खरं सांगा.”

“रडतोय,” बाबा म्हणाले.